पाइपावरची तपकिरी रेघ पुन्हा पुन्हा का येते?

पीव्हीसी पाइप काढणारी लाइन सुरू होते, राखाडी पाइप स्वच्छ निघतो, चार-सहा तास सगळं सुरळीत चालतं. मग कापलेल्या तुकड्यात कुणीतरी डोकावतं आणि आतल्या भिंतीवर बारीक तपकिरी रेघ दिसते. तासाभरात ती गडद होते, पुढच्या पाळीत काळे कण यायला लागतात. लाइन थांबवायची, डाय (पाइपाला आकार देणारा साचा) उघडायची, घासायची, परत बसवायची. दोन-चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तीच रेघ.

मकरपुरा, वाघोडिया, सावली, पोर, बडोद्याच्या आसपासच्या या जीआयडीसींमधल्या (औद्योगिक वसाहतींमधल्या) लहान पीव्हीसी युनिटांत हा त्रास इतका मुरलाय की डाय साफ करणं हे तेलपाण्यासारखं ठरलेलं काम होऊन बसलंय. मला ते पटत नाही. डाय घासली की रेघ जाते, पण ती ज्यामुळे आली ते तसंच राहतं. आणि बहुतेक वेळा ते डायमध्ये नसतंच. मागे कुठेतरी असतं. मिक्सरमध्ये, परत वापरायला दळलेल्या मालाच्या पोत्यात, नाहीतर तापमान मोजणाऱ्या एखाद्या सैल थर्मोकपलमध्ये.

ही रेघ म्हणजे नुसता दिसण्यातला दोष नव्हे. रेघेच्या जागी माल जळलेला असतो आणि तिच्या दोन्ही बाजूंचा माल एकमेकाला नीट चिकटलेला नसतो. दाब आला की पाइप बरोबर त्याच रेघेवर उभा चिरतो. तोवर शेतकऱ्याने तो जमिनीत गाडलेला असतो, वर कपाशी किंवा तूर उभी असते, आणि पंप सुरू केल्यावर चिखल कुठून येतोय ते शोधायला त्याला उभं पीक खणावं लागतं. म्हणून रेघेचा पाइप 'थोडा स्वस्तात काढून टाकू' हा विचार मनातून काढावा, असं मी प्रत्येक मालकाला सांगतो.

माल जळतो म्हणजे काय होतं

पीव्हीसीच्या वजनात जवळजवळ ५७ टक्के क्लोरीन असतो, आणि तो मिठापासून येतो. गुजरातच्या किनाऱ्यावर पिकणाऱ्या मिठाचं आणि आपल्या पाइपाचं नातं हे असं सख्खं आहे. या क्लोरीनमुळेच पीव्हीसी सहज पेट घेत नाही, म्हणून वायरीचं वेष्टन, कंड्युट पाइप, केसिंग पट्टी त्याचीच होते. ॲसिड, क्षार, ओली माती यांचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही, म्हणून बोअरवेलचं केसिंग आणि शेतातली पाइपलाइन. प्लॅस्टिसायझर घातला की तोच रेझिन (पीव्हीसीची कच्ची भुकटी) मऊ होतो आणि त्यातून बागेची नळी, चपलेचा तळ, रेक्झिन, दवाखान्यातली रक्ताची पिशवी बनते. एका रेझिनमधून इतक्या वेगवेगळ्या वस्तू काढता येणारं दुसरं प्लॅस्टिक मला तरी माहीत नाही.

पण याच क्लोरीनमुळे तो उष्णतेला हळवा आहे. साखळीत कुठे कुठे कच्चे दुवे असतात. उष्णता मिळाली की तिथून हायड्रोजन क्लोराइडचा एक रेणू सुटतो, लगेच शेजारचा सुटतो, मग त्याच्या शेजारचा. मागे दुहेरी बंधांची माळ तयार होते. ती सहा-सात बंधांएवढी लांब झाली की माल डोळ्याला पिवळा दिसतो, पुढे नारिंगी, तपकिरी आणि शेवटी काळा. सुटलेला वायू हेच ॲसिड, आणि ते ही क्रिया आणखी भडकवतं. त्याने बॅरलचं (ज्या तापलेल्या नळकांड्यात स्क्रू माल पुढे ढकलतो त्याचं) किंवा डायचं पोलाद खाल्लं तर लोहाचा क्लोराइड तयार होतो, तो तर आगीत तेलच. म्हणून एकदा कुठे काळा थर धरला की तो आपोआप वाढत जातो.

गंमत अशी की पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो, पण नीट वितळून एकजीव व्हायला १८० ते २०० अंश लागतात, आणि बिघडायला तो त्याच्या बऱ्याच आधी सुरुवात करतो. जर्मनीत फ्रिट्झ क्लाटे यांनी १९१३ साली पीव्हीसीचं पेटंट घेतलं, तरी बरीच वर्षं त्याचं व्यवहारात काही झालं नाही, कारण तापवून आकार द्यायला गेलं की माल हातातच बिघडायचा. १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमन यांनी प्लॅस्टिसायझर घालून तो मऊ केला, पुढे उष्णतेत माल बिघडू न देणारे स्टॅबिलायझर आले, तेव्हा कुठे हा धंदा उभा राहिला. स्टॅबिलायझर ही मालाबरोबर बांधून दिलेली शिदोरी आहे. मिक्सरमध्ये थोडी संपते, बॅरलमध्ये बरीच संपते, आणि माल डायच्या कोपऱ्यात अडकून बसला तर उरलेलीही तिथेच संपते. तापमान किती होतं एवढंच विचारू नका. किती वेळ होतं, आणि याआधी कितीदा तापलं होतं, हेही विचारा.

रेघ नेमकी कुठे आहे ते आधी बघा

डाय उघडण्याची घाई करू नका. लाइन चालू असतानाच जेवढं कळतं तेवढं उघडल्यावर कळत नाही. पाइपाच्या डोक्यावर मार्करने खूण करत चला आणि दर अर्ध्या तासाने एक कडी कापून ओळीने मांडून ठेवा.

रेघ सगळ्या कड्यांत एकाच जागी आली तर माल एका ठरावीक ठिकाणी अडकतोय. आतल्या पृष्ठभागावर असेल तर मॅन्ड्रेल किंवा पिन (पाइपाची आतली बाजू घडवणारा गाभा) बघायची, बाहेर असेल तर बुश (बाहेरची बाजू घडवणारी कडी). भिंतीच्या जाडीच्या मधोमध असेल आणि स्पायडरला (गाभ्याला डायच्या मधोमध धरणाऱ्या भागाला) जेवढे पाय तेवढ्या समान अंतरावर रेघा असतील तर स्पायडर. रेघ जागा बदलत असेल तर संशय बॅरलवर आणि स्क्रूच्या टोकावर. मोठ्या मशिनमध्ये स्क्रूच्या पोटातून तेल फिरतं; त्याचा पंप बंद पडला असेल तर पॅनेलवर सगळं ठीक दिसतं आणि स्क्रूचं टोक आत जळत राहतं. रेघच नाही, नुसते विखुरलेले काळे कण आहेत, तर बहुधा दळलेल्या मालातून आलेत किंवा व्हेंटच्या (बॅरलमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या भोकाच्या) तोंडाशी साठलेली जळकी खपली आत पडतेय. आणि रेघ नाही, कण नाहीत, पण अख्खा पाइप पिवळट मारतोय, तर वजनकाट्यापासून सुरुवात करा.

एक खात्रीची परीक्षा सांगतो. पुढच्या वेळी डाय साफ करून बसवताना, हवेची नळी आणि हीटरच्या वायरी पोचत असतील तर, स्पायडर मूळ खुणेपासून एक बोल्ट पुढे फिरवून बसवा. नवी रेघ आली तेव्हा तीही तेवढीच सरकलेली असेल तर दोष स्पायडरमध्येच आहे. जुन्याच जागी आली तर ती मागून, अडॅप्टर (बॅरल आणि डाय जोडणारा भाग) किंवा बॅरलकडून येतेय, आणि डाय घासून तुम्ही उगाच हात काळे करताय.

डाय उघडलीच तर घासण्याआधी बॅटरी धरून नीट बघा. स्पायडरच्या पायाच्या मागच्या बाजूला, जिथे प्रवाह पुन्हा एकत्र यायला हवा, तिथे नखाएवढा काळा चकचकीत थर बसलेला असतो. तो पितळी पट्टीने उचलला की खाली क्रोम उडालेलं दिसतं, आणि त्या खरबरीत जागेतच पुढचा थर धरतो. ही जागा कितीही घासली तरी उपयोग नाही. पुन्हा क्रोम आणि पॉलिश करून घ्यावंच लागतं. पोलादी पान्याने किंवा छिन्नीने खरवडणं म्हणजे पुढच्या रेघेची सोय करून ठेवणं. पितळी पट्टी, तांब्याची जाळी, पॉलिशची पेस्ट, एवढंच वापरा. अडॅप्टर आणि डाय जिथे जुळतात तिथे नख फिरवून बघा. नख अडकलं की तिथे माल अडकणारच. आणि बोल्ट गरम असताना, समोरासमोरच्या जोड्यांनी, सारखे आवळा. एका बाजूने आवळले की दुसऱ्या बाजूला फट राहते, तिच्यात माल शिरतो आणि तिथेच जळतो.

रेघेचा पाइप परत हॉपरमध्ये

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि मालकांना तो सगळ्यात नकोसा असतो. रेघ आलेला पाइप रिजेक्ट होतो. रिजेक्टचं काय होतं? क्रशर, मग पल्व्हरायझर (बारीक भुकटी करणारं यंत्र), मग पोतं, आणि पुढच्या बॅचमध्ये 'थोडं थोडं' करून परत. जो माल एकदा जळला तोच आपण पुन्हा तापवायला पाठवतो. त्यातले काळे कण नव्या मालात विखुरतात आणि अडकून बसायला कोपरे शोधतात. डाय स्वच्छ असूनही रेघ परत का येते, याचं उत्तर निम्म्या ठिकाणी या पोत्यात असतं.

जळका भाग असलेला तुकडा कापून वेगळा काढा आणि तो कधीच परत घालू नका. उरलेला चांगला रिजेक्ट वेगळ्या पोत्यात, वर लाइन, तारीख आणि कुठल्या स्टॅबिलायझरचा माल आहे ते लिहून. प्रमाण दर बॅचला तेच ठेवा. आज पाच टक्के, उद्या रिजेक्ट जास्त साठला म्हणून वीस, असं केलं की मशिनवरचं कुठलंही सेटिंग टिकत नाही. क्रशरनंतर लोहचुंबक हवंच.

कुठल्या स्टॅबिलायझरचा हे लिहिणं का गरजेचं? एका मालात शिसं असेल आणि दुसऱ्यात गंधकवाला टिन स्टॅबिलायझर असेल, तर दोन्ही मिसळल्यावर लेड सल्फाइड तयार होतो आणि तो काळाच असतो. माल जळलेला नसतो, तरी पाइपावर काळपट पट्टे येतात. तापमान पाच-पाच अंशांनी कमी करत दिवस वाया घालवणाऱ्यांना ही गोष्ट कुणी सांगितलेलीच नसते. बाजारातून मिळेल तो दळलेला माल उचलणाऱ्यांनी तर हे नक्की लक्षात ठेवावं.

शिसं गेलं, सवयी राहिल्या

२०२१ साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पीव्हीसी पाइप आणि फिटिंगमधल्या शिसेयुक्त स्टॅबिलायझरसंबंधी नियम काढले. पिण्याच्या पाण्याच्या पाइपात शिसं असू नये, याबद्दल दुमत असायचं कारणच नाही. आपलीच पोरंबाळं ते पाणी पितात. जुन्या शिसेवाल्या पाइपांचा दळलेला मालही म्हणूनच या पाइपांत येऊ देऊ नका. पण शिशाऐवजी कॅल्शियम-झिंक स्टॅबिलायझरकडे वळताना बऱ्याच युनिटांनी फक्त पोतं बदललं, बाकी सगळं तसंच ठेवलं.

शिसं फार समजूतदार होतं. माल बिघडायला लागला की आधी पिवळा, मग तपकिरी, असा हळूहळू इशारा द्यायचा आणि ऑपरेटरला सावरायला वेळ मिळायचा. कॅल्शियम-झिंकचं तसं नाही. सुरुवातीचा रंग झकास ठेवतो, आणि शक्ती संपली की एकदम काळा पडतो. झिंक ॲसिड शोषून घेतो तेव्हा झिंक क्लोराइड तयार होतो, आणि तो स्वतःच माल जाळायला मदत करतो. कॅल्शियम आणि सोबतचे इतर घटक त्याला आवरून धरतात. ते संपले की काही मिनिटांत खेळ खलास. म्हणून जिथे माल अडकतो अशी जागा शिशाच्या दिवसांत चालून गेली असेल, पण आता चालणार नाही. 'हीच डाय वर्षानुवर्षं चालली, आताच काय झालं' याचं उत्तर हे आहे.

दुसरं, शिशाच्या जुन्या रेसिपीत वॅक्स, स्टिअरिक ॲसिड, लेड स्टिअरेट वेगवेगळे पडायचे. आताच्या वन-पॅकमध्ये, म्हणजे सगळं एकत्र मिसळून येणाऱ्या पोत्यात, वंगण आधीच घातलेलं असतं. त्यावर जुन्या सवयीने आणखी वॅक्स घातलं तर माल स्क्रूवर घसरतो, नीट वितळत नाही, आणि डायच्या भिंतीवर साय धरते. ती साय मग जळते. उलट वंगण कमी पडलं तर माल धातूला चिकटतो, घर्षणाने तापतो आणि जळतो. पुरवठादाराकडून त्याच पॅकची पूर्ण रेसिपी लेखी घ्या आणि जुनी वही बाजूला ठेवा.

वजनाचंही बघा. १०० किलो रेझिनला अडीच किलो पॅक सांगितला असेल आणि टांगत्या काट्यावर ३०० ग्रॅम कमी पडले, तर स्टॅबिलायझर १२ टक्के कमी गेला. रेझिनच्या पोत्यात एवढी चूक कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण इथे ती रेघ होऊन बाहेर पडते. पॅकसाठी वेगळा, लहान, रोज तपासलेला काटा ठेवा.

पॅनेलवरचा आकडा आणि आतली उष्णता

रेघ दिसली की पहिला हात तापमानाच्या बटणाकडे जातो. सरसकट दहा अंश कमी! बॅरलच्या पहिल्या झोनमध्ये हे केलं तर माल थंड आणि घट्ट राहतो, स्क्रूला जास्त जोर लागतो, मोटरचे अँपिअर चढतात आणि पुढे घर्षणाने वितळलेला माल आधीपेक्षा जास्त तापतो. पुढच्या झोनमध्ये प्रमाणाबाहेर कमी केलं तर रेघ जाते खरी, पण माल एकजीव होत नाही आणि पाइप आपटल्यावर काचेसारखा फुटतो. तापमान बदलायचं तर एका वेळी एकच झोन, तीन ते पाच अंश, आणि अर्धा तास अँपिअर बघत.

त्याआधी थर्मोकपल तपासा. तो भोकाच्या तळाला टेकलेला नसेल तर कमी आकडा दाखवतो आणि हीटर पेटताच राहतो. शेजारच्या दोन झोनचे थर्मोकपल अदलाबदल करून बघा. विचित्र आकडा थर्मोकपलबरोबर सरकला तर थर्मोकपल बदला, जागेवरच राहिला तर हीटर किंवा कंट्रोलर बघा. एखाद्या झोनचा पंखा सतत चालू असेल आणि तरी आकडा सेटच्या वर असेल तर ती उष्णता हीटरची नाही, घर्षणाची आहे. स्क्रू-बॅरल झिजलं असेल तर माल मागे घसरतो आणि आत जास्त वेळ राहतो. त्याच आरपीएमला ताशी किती किलो माल निघतो याची मशिन नवी असतानाची नोंद असेल तर हे लगेच कळतं.

मिक्सरबद्दल थोडक्यात. हॉट मिक्सरमधून माल ११५ ते १२० अंशांना उतरवायचा आणि कूलरमध्ये ४५ च्या आसपास आणूनच पोत्यात भरायचा. मे महिन्यात बडोद्यात कूलिंग टॉवरचं पाणीच कोमट असतं, कूलरला वेळ जास्त लागतो, आणि मालाची घाई असली की तो गरमच भरला जातो. मग गठ्ठे होतात, फीड तुटक पडतं, आणि पावसाळ्यात वर ओलही धरते. कूलरच्या दारावर थर्मामीटर लावा. घड्याळावर भरवसा ठेवू नका.

वीज गेली, सुट्टी आली

जूनच्या पहिल्या वादळात वीज जाते, स्क्रू थांबतो, हीटर बंद होतात, पण इतक्या किलो पोलादात साठलेली उष्णता कुठे जाणार? माल जागच्या जागी शिजत राहतो. काही मिनिटांत वीज आली तर आधी स्क्रू हळू फिरवून तो माल बाहेर काढा, मग बाकीचं. जास्त वेळ गेला तर सरळ डाय खोला. 'बघू, निघेल' म्हणून जोर लावला की स्क्रू आणि गिअरबॉक्स दोन्हींवर बेततं.

होळीला दाहोद आणि छोटा उदेपूरकडची माणसं गावी जातात, लाइन आठवडाभर बंद असते. उत्तरायणाचे दोन दिवसही तसेच. लाइन बंद करताना चालू माल संपवून मग जास्त स्टॅबिलायझर आणि जास्त वंगण घातलेला पर्जिंग कंपाउंड (आतला माल बाहेर ढकलून साफ करणारं मिश्रण) फिरवा, तापमान उतरवत आणा, आणि डाय गरम असतानाच उघडून साफ करा. साधा माल आत ठेवून कुलूप लावलं तर सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात रेघ येणार हे ठरलेलंच.

साफ करताना दोन गोष्टी जिवाच्या आहेत. जळक्या पीव्हीसीचा धूर म्हणजे ॲसिडचा वायू. डोळे चुरचुरले की ऑपरेटर 'सवय आहे' म्हणतो, पण फुप्फुसांना ती सवय होत नाही. व्हेंटवर तोंड धरून आत डोकावू देऊ नका, चष्मा द्या, एक्झॉस्ट चालू ठेवा. आणि ॲसिटाल, ज्याला बाजारात डेलरिन म्हणतात, त्याचा दाणा पीव्हीसीच्या बॅरलच्या जवळपासही येऊ देऊ नका. पीव्हीसीच्या ॲसिडने ॲसिटाल झपाट्याने फुटतो, फॉर्मल्डिहाइड सुटतो, आणि बंद बॅरलमध्ये स्फोटासारखा दाब तयार होतो. एकाच शेडमध्ये इंजेक्शन मोल्डिंगही चालत असेल तर दोन्हींची भंगाराची पोती वेगळ्या भिंतींना ठेवा.

तव्यावरची परीक्षा

माल स्वतः किती वेळ टिकतो, हे कळायला मोठी लॅब लागत नाही. पंखा असलेली लहान ओव्हन १९० अंशांवर लावा. संशय असलेल्या बॅचच्या पाइपाचे दोन सेंटिमीटरचे आठ-दहा चौकोन कापून तव्यावर एका थरात मांडा. दर दहा मिनिटांनी एक काढून जाड पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवा, खाली मिनिटं लिहा. शेजारी जुन्या, चांगल्या बॅचची तशीच ओळ हवी. शिशाच्या मालाची ओळ पायरीपायरीने गडद होत जाते. कॅल्शियम-झिंकची ओळ बराच वेळ स्वच्छ राहते आणि एका चौकोनावर अचानक काळी होते. तो चौकोन चांगल्या बॅचपेक्षा दोन घरं आधी आला तर दोष मिक्सरमध्ये, काट्यात किंवा दळलेल्या मालात आहे, डाय उघडायची गरजच नाही. दोन्ही ओळी सारख्या निघाल्या तर माल निर्दोष आहे, आता मशिन तपासा. राखाडी रंगात हलका पिवळेपणा लपतो, म्हणून जमलं तर रंग न घातलेला थोडा माल काढून त्याचीही एक ओळ करा. ही ओव्हन खाण्याच्या वस्तूंसाठी कधी वापरायची नाही, आणि तिचा धूर खिडकीबाहेर जायला हवा.

पुठ्ठ्यावर बॅच नंबर, तारीख, मिक्सरचं उतरतं तापमान आणि दळलेल्या मालाचं प्रमाण लिहून तो लाइनच्या पॅनेलजवळ टांगा. रात्रपाळीच्या ऑपरेटरला रेघ दिसली की त्याने पाना उचलण्याआधी हा पुठ्ठा बघावा, एवढी सवय लागली तरी डाय उघडण्याच्या निम्म्या वेळा वाचतात.